डॉक्टरांचे अक्षर सुधारेल, पण ‘ओडी’, ‘एसओएस’चा अर्थ कोण सांगणार?

डॉक्टरांचे अक्षर हा आजवर विनोदाचा विषय होता, आता तो न्यायालयात पोहोचला आहे. एका जामीन अर्जाच्या सुनावणीत वैद्यकीय अहवाल वाचताच येत नसल्याचे दिसले, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने वाचता येईल असे प्रिस्क्रिप्शन मिळणे हा रुग्णाच्या आरोग्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. संगणकीकृत प्रिस्क्रिप्शनसाठी दोन वर्षांची मुदत दिली आणि तोवर कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. खरे तर औषधाचे नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, हा नियम वैद्यकीय परिषदेने २०१६ मध्येच केला होता.

निर्णय स्वागतार्हच आहे. पण अक्षर कितीही सुंदर असले, तरी ‘टॅब. ओडी एसी’ याचा अर्थ रुग्णाला कळेलच असे नाही. ही बहुतेक लघुरूपे जुन्या लॅटिन शब्दांची आहेत. ती डॉक्टर आणि केमिस्ट यांच्या सोयीसाठी रुळली. गोळी मात्र घरी तुम्ही घेता.

नेहमी दिसणारी लघुरूपे

- ओडी – दिवसातून एकदा
- बीडी – दोनदा
- टीडीएस – तीनदा
- क्यूआयडी – चारदा
- एचएस – रात्री झोपताना
- एसी – जेवणाआधी, पीसी – जेवणानंतर
- बीबीएफ – सकाळी नाश्त्याआधी
- स्टॅट – लगेच, आत्ताच
- १-०-१ – सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक

जुन्या पद्धतीने लिहिणारे डॉक्टर मुदत अपूर्णांकासारखी लिहितात. ५/७ म्हणजे पाच दिवस, २/५२ म्हणजे दोन आठवडे, ३/१२ म्हणजे तीन महिने. आठवड्याचे दिवस सात, वर्षाचे आठवडे बावन्न आणि महिने बारा, म्हणून हे आकडे. माहीत नसेल तर ५/७ ही पाच जुलै ही तारीख वाटू शकते.

घोटाळा कुठे होतो?

एसओएस: याचा अर्थ ‘गरज पडली तरच’. तातडीच्या संकटाशी त्याचा संबंध नाही. दुखणे किंवा ताप असेल तरच ती गोळी घ्यायची. मात्र दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे लिहून घ्या.

ओडी: डोळ्यांच्या कागदावर हीच दोन अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरतात. थेंबांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसले, तर ‘दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात?’ असे विचाराच.

यू: इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ऐवजी नुसते इंग्रजी यू लिहिले, तर ते शून्यासारखे दिसते. मग ४ युनिटचे ४० होऊ शकतात आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून मागा.

आठवड्याचे औषध: संधिवात किंवा सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले तर रक्तपेशी कमी होतात आणि जिवावरही बेतू शकते. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘फक्त रविवारी’.

तुम्ही काय करावे?

संगणकाने छापलेल्या चिठ्ठीवरही हीच लघुरूपे असू शकतात. त्यामुळे दवाखान्यातून निघण्यापूर्वी प्रत्येक औषधाबद्दल चार गोष्टी विचारा: कशासाठी, किती वेळा, जेवणाआधी की नंतर आणि किती दिवस. उत्तर चिठ्ठीवरच मराठीत लिहून घ्या, किंवा डॉक्टरांसमोर स्वतः लिहा आणि एकदा वाचून दाखवा. घरी आजी-आजोबांना गोळ्या दुसरेच कोणी देत असेल, तर हे आणखी गरजेचे आहे.

वरील यादीवरून स्वतःच डोस बदलू नका. शंका आली तर केमिस्टकडे अंदाज न बांधता डॉक्टरांना फोन करा. असे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. गर्दीच्या ओपीडीत हा अर्धा मिनिट मागून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे.