हेल्मेट आले, बाकीच्या अंगाचे काय?

१९९५च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत पिरेनीज पर्वतातला एक घाट उतरताना इटलीचा ऑलिम्पिक विजेता फाबियो कासार्तेल्ली पडला, रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटला आणि दगावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याआधी चार वर्षे हेल्मेटसक्तीचा प्रयत्न झाला होता. पॅरिस–नीस शर्यतीत सायकलपटूंनीच संप करून तो हाणून पाडला. २००३मध्ये त्याच पॅरिस–नीस शर्यतीत पडून सायकलपटू आंद्रेई किविलेव्हचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने सक्ती केली. उकाडा, वजन, ज्याची त्याची मर्जी हे तेव्हाचे आक्षेप आज कोणी उच्चारतही नाही. पण सुधारणा डोक्यापाशीच थांबली. मानेखाली अजूनही लायक्राचा पातळ कपडा तेवढा असतो, आणि तो अंगावर घालून माणसे घाटउतारावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातात.

युरोपीय मानकाच्या मुख्य चाचणीत हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून आपटून पाहतात, म्हणजे आघाताचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. सायकलवरून डोके जमिनीवर येते ते साधारण एवढ्याच उंचीवरून, त्यामुळे ही चाचणी निरर्थक नाही. पण पुढे जाण्याचा वेग त्यात धरलेला नाही. वेग चौपट झाला की ऊर्जा सोळापट होते, आणि ती कातडी सोलवटण्यात, गळ्याचे हाड मोडण्यात, छाती कठड्यावर आदळण्यात खर्ची पडते. २०११च्या जिरो द इतालिया शर्यतीत सायकलपटू वाउटर वेलांट हेल्मेट घालूनही वाचला नाही. हेल्मेट निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. एकट्या हेल्मेटवर फार मोठा भार टाकला आहे, एवढाच आहे.

मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींमध्ये २०१८पासून एअरबॅगचा पोशाख सक्तीचा आहे. मोटारसायकलस्वारांकडे इंजिन आहे, सायकलपटूला स्वतःच्या पायांवर चढ चढायचा असतो, हा आक्षेप रास्त आहे. जुलैच्या उन्हात जाड जाकीट घालून कोणी डोंगर चढणार नाही. पण माथ्यावर पोहोचल्यावर थंडीसाठी जाकीट चढवायची रीत या खेळात जुनीच आहे. तिथेच पाठ, छाती आणि मान राखणारे एअरबॅगचे जाकीट का नको? घोळक्यातल्या धक्काबुक्कीने एअरबॅग भलत्या वेळी फुगेल, ही अडचणही खरी आहे. पण सक्तीच्या नियमाची तारीख दोन-तीन वर्षे आधी जाहीर केली, तर उत्पादक ती सोडवायला लागतील. तारीखच नसेल तर त्यांना घाई कशाची? संरक्षण मिळाले की माणूस जास्त धाडस करतो, असेही म्हणतात. उतारावर सेकंदांसाठी झुंजणारे आजच धोक्याच्या टोकावर असतात. त्यांना उघडे ठेवल्याने ते सावध झालेले नाहीत. आणि एकट्याने जाकीट घातले तर तो मागे पडतो, म्हणून हे स्वेच्छेवर सोडून चालणार नाही. सगळ्यांनी एकाच दिवशी घातले, तर कोणाचाच सेकंद वाया जात नाही.