मागच्या इंजिनात कोण बसते?

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. दोन दिवस लागून राहिलेला पाऊस उघडला होता आणि आम्ही मोर्शीच्या घरी ओसरीत बसलो होतो. नात मोबाइलवर एक चित्रफीत पाहत होती. त्यात एक मालगाडी चालली होती, चालली होती आणि काही केल्या संपत नव्हती. ‘रुद्रास्त्र’ असे भारदस्त नाव दिलेली ही गाडी ७ ऑगस्टला उत्तर प्रदेशातील गंजख्वाजाहून झारखंडमधील गढवा रोडकडे धावली. साडेचार किलोमीटर लांबी, ३५४ वाघिणी आणि सात इंजिने. नातीने बोटावर इंजिने मोजली आणि विचारले, “आबाजी, सात इंजिनं म्हणजे सात डायवर ना?”

प्रश्न पोरीचा असला तरी उत्तर सोपे नाही. इंजिन म्हटले की त्यात माणूस असलाच पाहिजे, हे आपण शंभर-दीडशे वर्षे गृहीत धरत आलो. आता तसे राहिलेले नाही. सर्वांत पुढच्या इंजिनात बसलेल्या माणसाने हाताखालचा दांडा सरकवला की मागच्या इंजिनाने, मध्ये कुठलीही तार नसताना, बिनतारी संदेशावर तेच करायचे, अशी यंत्रणा आपल्या रेल्वेतही वापरात आली आहे. २२ जानेवारी २०२१ रोजी ‘वासुकी’ नावाची गाडी भिलाईहून कोरब्याकडे गेली. पाच मालगाड्या एकामागे एक जोडून ती साडेतीन किलोमीटर लांब केली होती. या पाच गाड्या स्वतंत्र चालवल्या असत्या तर पाच चालक, पाच सहायक आणि पाच गार्ड लागले असते. वासुकीवर होते एक लोको पायलट, एक सहायक आणि एक गार्ड. पंधरा माणसांचे काम तिघांनी केले.

रेल्वेच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तो अभिमान खोटा नाही. पण रुळांच्या कडेला राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी थोडे थांबून विचार करायला हवा. ही विद्या नेमकी काय आहे, ती कुणाच्या उपयोगी पडते आणि तिची किंमत कोण मोजते?

माझे एक मामा इगतपुरीला बँकर इंजिनावर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला जाणारा थळ घाट म्हणजे ३७ फुटांत एक फूट चढ. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला इंजिने लावतात आणि ती मागून ढकलतात. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटातही तेच. मामा सांगत, पुढच्याचे तोंड आम्हाला कधी दिसले नाही, पण त्याची कूक ओळखू यायची. शिट्टीच्या ठरलेल्या खुणा असत. पुढच्याने विचारायचे, मागच्याने उत्तर द्यायचे, मग दोघांनी मिळून जोर लावायचा. घाटात धुके असे, पाऊस असे, बोगद्यात आवाज घुमे. मागच्याने जोर जास्त लावला तर मधले डबे दाबले जात, कमी लावला तर गाडी मागे रेटू लागे. पुढे वॉकीटॉकी आले आणि काम पुष्कळ सोपे झाले. तरी मागच्या इंजिनात माणूस राहिलाच. “हाताला गाडी कळते,” असे मामा म्हणत. मला तेव्हा ते नुसते बोलणे वाटायचे.

बिनतारी यंत्रणा नेमकी इथे हात घालते. लागून लागून जोडलेली दोन इंजिने एका केबिनमधून चालवणे नवे नाही. त्यांच्यामध्ये वायर जोडता येते. पण दोन इंजिनांच्या मध्ये साठ वाघिणी आल्या की वायर नेणार कुठून? मालगाडीच्या वाघिणीला हवेची नळी असते, विजेची तार नसते. म्हणून दोन्ही इंजिनांवर रेडिओ बसवायचा. अमेरिकेत हा प्रयोग १९६० च्या दशकात ‘लोकोट्रोल’ नावाने सुरू झाला. गाडी निघण्यापूर्वी पुढच्या आणि मागच्या इंजिनांची क्रमांकाने जोडणी करतात. शेजारच्या रुळावरच्या दुसऱ्याच गाडीचा हुकूम आपल्या इंजिनाने ऐकू नये, यासाठी ही खबरदारी.

पण सगळी इंजिने पुढेच का लावू नयेत? घरगुती उदाहरण घ्यायचे तर लग्नाची वरात डोळ्यांपुढे आणावी. पुढे बँड थांबतो, मागच्यांना ते कळत नाही, आणि मधल्या मंडळींच्या पायावर पाय पडतात. गाडीचे तसेच आहे. चालक ब्रेक लावतो म्हणजे गाडीभर गेलेल्या नळीतला हवेचा दाब कमी करतो, आणि तो कमी झाल्याचे कळले की प्रत्येक वाघीण आपापले ब्रेक आवळते. हा निरोप हवेतून सेकंदाला सुमारे अडीचशे मीटर सरकतो. साडेतीन किलोमीटरच्या शेवटाला पोचायला चौदा सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेग धरला तर तेवढ्यात गाडी दोनशे मीटर पुढे गेलेली असते. पुढचे डबे थांबू पाहतात आणि मागचे त्यांना ढकलत असतात. धक्के बसतात, कपलिंग तुटते. इंजिने गाडीभर वाटून लावली आणि प्रत्येकाने एकाच क्षणी नळीतली हवा सोडली, तर निरोप चार-पाच ठिकाणांहून एकदम निघतो. ओढण्याचेही तेच. सगळा भार पहिल्या कपलिंगवर न येता वाटला जातो.

आणि रेडिओचा दुवा तुटला तर? खोल कटिंगमध्ये, बोगद्यात तो तुटू शकतो. त्या वेळी मागच्या इंजिनाने काय करायचे हे आधीच शिकवून ठेवावे लागते. पुढच्याने ब्रेक लावला की नळीतला दाब घटल्याचे मागच्याला रेडिओशिवायही कळते, आणि ते जोर सोडून देते. म्हणजे नवी विद्या बंद पडली की जुनी हवेची नळीच उपयोगी येते. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुरून चालवलेले इंजिन आणि चालकाविना सुटलेले इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतील कठुआ स्थानकावर उभी असलेली ५३ वाघिणींची मालगाडी उतारावरून आपोआप निघाली आणि पंजाबात सत्तरेक किलोमीटर धावत गेली. आत कोणीही नव्हते. रुळांवर वाळूच्या गोणी आणि लाकडी ओंडके टाकून ती कशीबशी थांबवली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तिथे बिनतारी यंत्रणेचा काही संबंध नव्हता. प्रश्न होता उभ्या गाडीला नीट जखडून ठेवण्याचा.

जगात ही विद्या फार पुढे गेली आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील लोखंडाच्या खाणींतून २१ जून २००१ रोजी ६८२ वाघिणींची, सात किलोमीटरहून लांब आणि जवळपास एक लाख टन वजनाची गाडी आठ इंजिने लावून नेली, चालक एकच. त्याच भागात दुसऱ्या एका कंपनीच्या खनिजगाड्या २०१८ पासून चालकाशिवाय धावतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी मंडळी दीड हजार किलोमीटर दूर पर्थ शहरात बसलेली असतात. याउलट स्वित्झर्लंडमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ ला शंभर डब्यांची प्रवासी गाडी आल्प्सच्या वळणांवरून चालवली, तेव्हा तिच्यात सात चालक बसवले होते आणि ते एकमेकांशी बोलत होते. गाडीत माणसे आहेत आणि वाट डोंगराची आहे, म्हटल्यावर त्या यंत्रकुशल देशाने मामांचाच मार्ग धरला.

ऑस्ट्रेलियाच्या त्या रुळांवर दुसरे कोणी नसते. खाणीतून निघायचे आणि बंदरात रिकामे व्हायचे. फाटकावर बैलबंडी नाही, प्लॅटफॉर्मवर डबा घेऊन उभा असलेला नोकरदार नाही. आपले रूळ सगळ्यांचे आहेत, आणि गोम इथेच आहे.

एका गाडीने बाजूला होऊन दुसरीला वाट द्यायची तर स्थानकात लूप लाईन लागते. आपल्याकडे तिची लांबी साधारण ६८६ मीटर धरलेली आहे, म्हणजे एक मालगाडी मावेल एवढी. साडेतीन किलोमीटरची गाडी कुठल्या लूपमध्ये उभी करणार? ती एकदा निघाली की तिला सरळ वाट द्यावी लागते आणि बाकीच्यांनी बाजूला व्हावे लागते. १५ ऑगस्ट २०२२ ला ‘सुपर वासुकी’ कोरब्याहून राजनांदगावला आली. सहा इंजिने, २९५ वाघिणी, २७ हजार टन कोळसा. तीन हजार मेगावॅटच्या वीजकेंद्राला दिवसभर पुरेल एवढा. अंतर २६७ किलोमीटर, वेळ ११ तास २० मिनिटे. भागाकार करून पाहा, ताशी २४ किलोमीटरसुद्धा भरत नाही. अशी गाडी ताशी ४० ने फाटकावरून गेली तर फाटक पाच मिनिटांहून जास्त बंद राहते, उघडण्या-लावण्याचा वेळ वेगळाच.

कोळसा नको असे कोण म्हणेल? आमच्या अमरावतीजवळ नांदगावपेठला १३५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. उन्हाळ्यात आमचे कूलर आणि विहिरीवरचे पंप चालायचे तर भट्टी पेटती राहिलीच पाहिजे. २०२२ च्या एप्रिलअखेर कोळशाचा तुटवडा झाला तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या गेल्या. त्या रेल्वेने हौसेने रद्द केल्या नव्हत्या. तीन गाड्यांची एक करून दोन गाड्यांची जागा मोकळी होत असेल, तर लांब गाडीचा प्रवाशालाही फायदाच आहे. अट एवढीच की ती मोकळी झालेली जागा प्रवासी गाडीला मिळाली पाहिजे. ती मिळाली की त्या जागी आणखी एक मालगाडी घातली, हे कुठल्या चित्रफितीत दिसत नाही.

नरखेड-अमरावती लाईन १३८ किलोमीटरची. तिच्यासाठी आमच्या भागाने किती वर्षे वाट पाहिली ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्याआधी आम्हाला रेल्वे म्हणजे एसटीने अमरावती, तिथून बडनेरा. या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोर्शीला गाडी आली आणि विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवणाऱ्या या टापूला वाटले, आता संत्रा रुळावरून जाणार. काही काळ तो गेलाही. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे निघाली, २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी. वरुड-नरखेड भागातली संत्रीही त्या काळात रेल्वेने दिल्लीकडे आणि बांगलादेशाकडे गेली. भाड्यात निम्मी सवलत होती. पुढे सवलत थांबली, तिकडे बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, आणि माल पुन्हा ट्रकवर चढला.

मी आमच्या एका बागाईतदार स्नेह्यांना रुद्रास्त्रची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “गाडी लंबी झाली म्हून आपला संत्रा लवकर जाते काय गुरुजी? आपल्याले लंबी नाही पाह्यजे जी, टाइमावर पाह्यजे.” अंबिया बहाराचा माल तोडला की तो तीन किलोमीटर वाघिणी भरेपर्यंत थांबत नाही. त्याला दहा-पंधरा डबे हवेत, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. हे काम लांब गाडी करू शकत नाही. तिने मोकळी केलेली वाट मात्र करू शकते, आणि म्हणूनच वर लिहिलेल्या त्या अटीचा आग्रह धरायला हवा.

बिनतारी यंत्रणेचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याच्यासाठी कुणी नारळ फोडत नाही. ९ नोव्हेंबर २०२४ ला बिहारमधील बरौनी स्थानकात एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामधले कपलिंग सोडवत होता. खुणांचा घोळ झाला, इंजिन मागे आले आणि तो मध्येच चिरडून गेला. शंटिंगचे काम आपल्याकडे अजून झेंडी, कंदील, हाताची खूण आणि फार तर वॉकीटॉकी यांवर चालते. रुळात उभ्या असलेल्या माणसाचा जीव केबिनमधल्या माणसाने खूण बरोबर वाचण्यावर टांगलेला असतो. कॅनडा आणि अमेरिकेतील यार्डांत खाली उभा असलेला माणूसच छातीवर पट्ट्याने बांधलेल्या पेटीतून इंजिन चालवतो. तो पडला आणि पेटी ठरावीक कोनापेक्षा जास्त कलली, तर इंजिन आपोआप थांबते. तो स्वतः मध्ये शिरला असताना इंजिन हलवणारा दुसरा कोणी नसतोच.

तिकडेही सगळे गोड नाही. अमेरिकेत २००१ साली रेल्वे सुरक्षा खात्याने याचे मार्गदर्शक नियम काढले, तेव्हा चालकांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. दोघांचे काम एकावर टाकता, त्याचे लक्ष गाडीकडे राहणार की पेटीकडे, असा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त आहे. माणूस वाचवायला आणलेले यंत्र माणूस कमी करायला वापरले गेले तर अपघात एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी जातो, एवढेच. म्हणून मला वाटते, ही पेटी जिथे द्यायची तिथे जोडीचा माणूस काढू नये, निदान पहिली काही वर्षे तरी. खर्च वाढेल हे मान्य. पण यार्डात रोज रात्री रुळात उतरणाऱ्याच्या घरी विचारले तर वेगळा हिशेब ऐकू येईल.

शेवटच्या डब्यातला गार्ड, ज्याला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, त्याच्याही जागी एक बिनतारी पेटी लावून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. गाडी अखंड आहे आणि ब्रेकच्या नळीत दाब आहे, एवढे ती पुढच्याला कळवत राहते.

दिवाळीत नातीला घेऊन मोर्शी स्टेशनवर गेलो. आमची पॅसेंजर उभी करून ठेवली होती, समोरून मालगाडी यायची होती. ती आली. पोरीने वाघिणी मोजल्या, अठ्ठावन्न भरल्या. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड हिरवी झेंडी धरून उभा होता. तिने हात हलवला, त्यानेही हलवला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “या गाडीत मागं माणूस आहे.” आमची गाडी सुटायला त्यानंतर आणखी वीस मिनिटे लागली.