गाण्यातले राजकारण कोण ठरवते?

१९ फेब्रुवारी २०२३ रोजी, शिवजयंतीच्या मुहूर्तावर, ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज. दोन महिनेही लोटले नाहीत तोच, एप्रिलमध्ये, अंबरनाथच्या पोलिसांकडे दुसऱ्याच एका गाण्यावरून गुन्हा दाखल झाला. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण रॅपरने २०२२ च्या सत्तांतरावर झोंबणारी टीका करणारे गाणे समाजमाध्यमांवर टाकले होते. त्यात कोणा नेत्याचे वा पक्षाचे नाव नव्हते. तरीही रोख कोणावर आहे हे ऐकणाऱ्यांना कळले आणि ज्यांच्यावर होता त्यांनाही कळले. पहिले गाणे संस्कृती ठरले, दुसरे राजकारण.

कलावंताने राजकारणात पडू नये, गाणाऱ्याने गावे, हा सल्ला जुना आहे. इंग्लंड-अमेरिकेतील रॉक आणि पंक गायकांना तो गेली सहा दशके ऐकवला जात आहे आणि आपल्याकडच्या शाहिरांना त्याहूनही अधिक काळ. सल्ला देणाऱ्यांचा हेतू दर वेळी वाईट असतो असे नाही. पण गाणे आणि राजकारण हे दोन वेगळे प्रांत असून त्यांच्यामधली वेस काही उपद्रवी मंडळी ओलांडतात, हे त्यामागचे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी लंडनला जाण्यापूर्वी खानदेशात फिरून येणे पुरेसे आहे.

धुळे शहरापासूनच सुरुवात करता येईल. तेथील एका मानाच्या गणपतीला आजही ‘खुनी गणपती’ आणि त्याच्या मार्गावरील मशिदीला ‘खुनी मशीद’ म्हणतात. १८९५ मध्ये विसर्जनाची मिरवणूक मशिदीसमोरून वाजतगाजत नेण्यावरून तंटा पेटला, इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. नाव त्यातून पडले. वाद शब्दांचा नव्हता. कोणते पद म्हटले, त्यात काय अर्थ होता, हा प्रश्नच नव्हता. वाद्य कोठे वाजले आणि कोणासमोर वाजले, एवढ्यावर सारे घडले. पुढे दोन्ही समाजांतील जाणत्यांनी समेट घडवला. आज ही पालखी टाळमृदंगाच्या गजरात मशिदीपाशी येते, तेथे आरती होते आणि मुस्लिम रहिवासी पालखीवर फुले उधळतात. तंटा वाद्यावरून झाला होता आणि समेटही वाद्यांच्या साक्षीनेच टिकून आहे. दोन्ही वेळा ते राजकारणच होते. पहिले माणसांना तोडणारे, दुसरे जोडणारे.

याहून बोलके उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याशी सापडते. तळोदा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात असला तरी १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचा आणि इंग्रजी अमलात पश्चिम खानदेशचा भाग होता. तेथील मोरवड गावच्या गुला महाराज या भिल्ल साधूने १९३७-३८ च्या सुमारास आरती सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा आणि ‘आप की जय’ असे अभिवादन करा, एवढाच उपदेश. आरतीला हजारोंच्या संख्येने भिल्ल जमू लागले. तिच्यात सरकारविरुद्ध काही नव्हते. जमीनदार, सावकार वा कलाल यांचा उद्धार करणारे पद नव्हते. तरीही हे सारे अस्वस्थ झाले. दारू सुटली की कलालाचे गिऱ्हाईक सुटते आणि गिऱ्हाईक सुटले की कर्जाचा फासही सैल होतो. ज्याला आजवर ‘अरे-तुरे’शिवाय कोणी हाक मारली नाही तो सालदार स्वतःला ‘आप’ म्हणवून घेऊ लागला, तर शेताच्या बांधावरचे सारे व्यवहार बदलणार हे मालकांना अचूक कळले. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाले, तेव्हा बंधू रामदास महाराजांनी आरती पुढे चालवली. मेळावे वाढले, तणाव वाढला आणि १९४१ मध्ये सरकारने रामदास महाराजांना जिल्ह्यातून हद्दपार केले. आरती म्हणणाऱ्या माणसाला हद्दपार करणाऱ्या त्या सरकारला आरतीच्या शब्दांत काहीच आक्षेपार्ह सापडले नसणार. त्याला आक्षेप होता तो आरतीभोवती जमणाऱ्या माणसांना.

नेमकी हीच गोष्ट पस्तीस वर्षांनी प्राग शहरात घडली. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरल्यानंतर ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ नावाचा रॉक वाद्यवृंद तेथे उभा राहिला. या मंडळींना राजकारणात रस नव्हता. विचित्र वाटेल असे स्वतःचे संगीत वाजवायचे आणि लांब केस राखायचे, एवढीच त्यांची हौस. सरकारने १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना काढून घेतला. मग ते खेड्यापाड्यांत, कोणाच्या लग्नाच्या निमित्ताने, चोरून वाजवू लागले. १९७६ मध्ये धरपकड झाली, खटला चालला आणि त्यांच्यातील काहींना तुरुंगवास झाला. या खटल्याला हजर राहिलेल्या व्हाक्लाव हावेल या नाटककाराला त्यातून जे उमगले, त्याचे फलित म्हणजे जानेवारी १९७७ ची ‘सनद ७७’. १९८९ च्या डिसेंबरात हेच हावेल देशाचे अध्यक्ष झाले. तळोद्याची आरती आणि प्रागचा रॉक यांच्यात सुरांचे काहीही नाते नाही. पण परवानगीवाचून माणसे एकत्र येतात आणि तेथे कोणाची भीती बाळगत नाहीत, हे दोन्हीकडच्या सत्तेला सारखेच सलले. खानदेशात हा धागा पुढेही तुटला नाही. १९७० नंतर शहाद्याच्या भिल्ल शेतमजुरांचे नेतृत्व करणारे अंबरसिंग सुरतवंती हे भजने गाणारे होते आणि लोक त्यांना ‘महाराज’च म्हणत.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचा इतिहास निराळा, कारण तेथे गाणे उघडउघड राजकीय झाले. आजच्या पिढीला अमळनेर ठाऊक असते ते १९४५ मध्ये तेथे सुरू झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यामुळे; त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली. त्याआधी हे गाव प्रताप मिलचे आणि साने गुरुजींचे होते. गुरुजी येथील शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. त्यांच्या ‘पत्री’ या काव्यसंग्रहातील देशभक्तीच्या कविता लोकांच्या तोंडी बसू लागल्या, तेव्हा सरकारने संग्रहाच्या प्रती जप्त केल्या. शालेय वयात काही वर्षे अमळनेरला राहिलेल्या आणि तेथे गुरुजींचा सहवास लाभलेल्या एका मुलाचे नाव कृष्णराव साबळे. राज्यगीताचा आवाज तो हाच. आज शासकीय समारंभात ज्या गीतासाठी सारे सावधान उभे राहतात, त्याची एक मुळी अशी सरकारने पुस्तके जप्त केलेल्या कवीच्या अंगणात आहे. याच साबळ्यांनी पुढे शिवसेनेच्या उभारणीच्या काळात ‘आंधळं दळतंय’ हे मुक्तनाट्य रंगभूमीवर आणले. त्यांची गाणी राजकारणापासून अलिप्त होती असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरेल.

अमळनेरवरच आणखी एक रचना आहे. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले असताना येथील गिरणी कामगारांवर गोळीबार झाला. त्यात पडलेल्यांवर अण्णाभाऊ साठे यांनी ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हा पोवाडा रचला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गावोगाव फिरत होते. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या कामगाराला देशाच्या दुसऱ्या टोकाला काय झाले हे पोवाड्यातून कळत असे. मोरारजी देसाई यांच्या काळात या कलापथकावर आणि अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यावर बंदी आली. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. नाटकांवर अंकुश ठेवणारा इंग्रजांचा १८७६ चा कायदा तर स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे पुस्तकात राहिला; तो संसदेने रद्द केला त्याला २०१८ साल उजाडले. गंमत अशी, की ज्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून हे राज्य जन्मले तो लढा याच बंदी घातलेल्या शाहिरांनी डफावर पेटता ठेवला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच अमळनेरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन जवळपास एकाच वेळी भरले. दोन मांडव वेगवेगळे का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. जुन्या गिरणीच्या गावाला तो प्रश्न नवा नव्हता.

राजकारण केवळ सत्तेला नको असलेल्या बाजूचेच असते असेही नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टन या नामवंत रॉक गायकाने मद्याच्या अमलाखाली स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर ज्याची कारकीर्द उभी होती, त्यानेच हे बोलावे याचा संताप होऊन ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ‘द क्लॅश’सारखे पंक वाद्यवृंद हजारोंच्या समुदायापुढे वाजले. श्रोत्यांनी बाजू निवडली होती आणि त्यासाठी गाणे हे निमित्त होते. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला भरणाऱ्या भीमस्मृती यात्रेत जो दिवसभर भीमगीते ऐकतो, त्याला गायकाने राजकारण टाळावे असे सांगून पाहावे. तेथे गाणे हीच इतिहासाची वही आहे.

आता दुसरी बाजू. राजकीय गाणे म्हणजे चांगले गाणे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रचारपत्रकाला चाल लावून पोवाडा म्हणून खपवण्याचे प्रकार सर्व पक्षांनी केले आहेत आणि त्यातले बहुतेक सभा संपताच विसरले गेले. दुसऱ्याच्या दारात नेऊन मुद्दाम मोठ्याने वाजवलेली डीजेवरची गाणीही राजकारणच करतात. १८९५ चा धडा धुळ्याने घेतला म्हणून तो सगळीकडे घेतला गेला असे नाही. गाणे राजकारणापासून वेगळे होत नाही, याचा अर्थ ते नेहमी न्यायाच्या बाजूला असते असा होत नाही.

मात्र निवड कोण करतो हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या मशाल गीतातील ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द वगळण्यास सांगितले आणि पक्षप्रमुखांनी नकार दिला. पक्षाला असा नकार देणे परवडते, कारण त्याच्यापाशी वकील आहेत, कार्यकर्ते आहेत, प्रसिद्धिमाध्यमे आहेत. कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली तेव्हा त्यांच्यामागे असे काही नव्हते. तपास यंत्रणेचा आरोप माओवाद्यांशी संबंधांचा आहे आणि मंचाला तो अमान्य आहे. त्याचा निर्णय न्यायालयाचा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकात मात्र बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले व लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य आविष्कार हे सारे येते. कडव्या डाव्या संघटनांपुरताच हा बडगा आहे, सर्वसामान्यांनी घाबरू नये, असे सरकार सांगते. सरकारवर विश्वास ठेवला तरी, डफ घेऊन उभा राहिलेला शाहीर कोणत्या संघटनेचा, हे प्रथम ठरवणार तालुक्याचे पोलीस ठाणे.

खानदेशात सध्या अहिराणी गाण्यांना बरे दिवस आहेत. मोबाइलवर चित्रित झालेली गाणी लाखो लोक पाहतात, लग्नाच्या बँडला ती लागतात, सुरत-नाशिककडे कामाला गेलेली मुलेही ती ऐकतात. निवडणूक आली की यांतल्याच चाली उमेदवाराच्या नावावर बसवल्या जातात आणि गायकाला चार पैसे मिळतात. त्याला राजकारण म्हणून कोणी नावे ठेवत नाही. नवरी, सासू, झुमके यांवर गाणी भरपूर आहेत. कापसाचा भाव, केळीचा विमा, गावात न येणारे टँकरचे पाणी यांवरची त्या मानाने विरळ. गायकांना हे विषय ठाऊक नाहीत असे नव्हे. ज्या मंचावर कार्यक्रम करायचा त्याचा खर्च बहुधा कोणा ना कोणा पुढाऱ्याच्या खिशातून आलेला असतो, ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच दाराशी जायचे असते.