यंत्राला ‘एकवीस’ कोण शिकवणार?

कार्यालयाचे टेलिफोन एक्स्चेंज आता ब्राउझरमधूनच जुळवता येते. १९९९ साली जन्मलेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही मुक्त प्रणाली आणि तिच्यावर बेतलेले ‘फ्रीपीबीएक्स’ हे त्याचे परिचित उदाहरण. एक्स्टेंशन, रांग, स्वागतसंदेश सारे एकाच पडद्यावर. भाषेचा रकानाही आहे. परंतु तो भरल्याने यंत्र मराठी बोलत नाही. इंग्रजीत ‘ट्वेंटी’ला ‘वन’ जोडले की भागते; मराठीत एकवीस, एकोणतीस, त्र्याहत्तर यांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण हवे. २०१९मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अवतरले तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. तोच आग्रह येथे का नसावा? हळदीचा भाव विचारणाऱ्या जवळा बाजारच्या शेतकऱ्याला रांगेतला क्रमांक मराठीतच ऐकू यावा. शंभर शब्द मुद्रित करणे हे एका दुपारचे काम. ते आम्हा मराठीच्या अध्यापकांचेच आहे.