मानीव उपस्थिती

कायद्याच्या मराठीतील 'मानीव' हा शब्द ठाणे-डोंबिवलीकडील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना 'मानीव अभिहस्तांतरण' या जडशीळ जोडशब्दामुळे परिचित असतो. प्रत्यक्षात जे घडले नाही, ते घडले असे न्यायासाठी धरून चालणे, हा त्याचा आशय. 29 एप्रिल 2020 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. टाळेबंदीच्या काळात सर्व विद्यार्थी उपस्थित होते असे मानावे, अशी सूचना त्यांत होती. करोनाकाळात उच्च शिक्षणाविषयी जे जे निर्णय झाले, त्यांतील हा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपण तो फार लवकर विसरलो.

वर्ग ऑनलाइन सुरू झाले आणि त्यांच्या पाठोपाठ हजेरीपटही परतला. शीळफाट्याजवळ राहणारी, एका महाविद्यालयात मराठी शिकणारी एक विद्यार्थिनी माझ्या परिचयाची आहे. घरात मोबाइल एकच; सकाळी तो धाकट्या भावाच्या शाळेसाठी लागे. ती रात्री साडेदहानंतर ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐके, टिपणे काढी. हजेरीपटावर मात्र ती सत्रभर गैरहजर होती. वर्ग उघडून मोबाइल उशाशी ठेवणारा तेवढा हजर!

पुढे 15 फेब्रुवारी 2021 पासून निम्म्या उपस्थितीत महाविद्यालये उघडण्यास शासनाने मुभा दिली आणि 75 टक्के उपस्थितीची अटही शिथिल केली. हे योग्यच झाले. परंतु त्याच महिन्यात सर्वसामान्य प्रवाशांना लोकलची दारे उघडी होती ती सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. शीळफाट्याहून बसने किंवा रिक्षाने दिवा वा डोंबिवली गाठायची आणि सात वाजण्यापूर्वी गाडी पकडायची, अन्यथा थेट दुपारची वाट पाहायची. महाविद्यालय उघडे आहे, एवढ्यावरून ते कोणासाठी उघडे आहे हे कळत नाही.

प्रत्यक्ष वर्गाला पर्याय नाही, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. भाषाविज्ञान शिकविताना तो मला पदोपदी जाणवतो. 'जग' म्हणजे विश्व, आणि 'जग' ही जगण्याची आज्ञा. लिपीत दोन्ही सारखे. पहिल्यातील ज तालव्य, दुसऱ्यातील दंततालव्य. 'चार' आणि 'चारा' यांतील च-चे तसेच. हा भेद घर्षणाच्या सूक्ष्म आवाजात असतो आणि साध्या मोबाइलवर, तुटक जोडणीत, तो पुसट होतो. त्यासाठी एकमेकांसमोर बसून उच्चार करावे लागतात, ऐकावे लागतात. शिवाय मराठी श्रोता 'हं', 'बरं', 'मग?' असे हुंकार देत ऐकतो. त्यावरूनच बोलणाऱ्याला आपण कोठे निसटलो ते उमगते. साठ माइक बंद असलेल्या वर्गात तो आधार राहत नाही. (प्राध्यापक तेव्हा अधिकच लांबण लावतात, हेही खरे.)

मात्र अभ्यासक्रमातील असे भाग मोजके असतात. साहित्यकृतीचे वाचन, व्याकरणाचे पुष्कळसे घटक, निबंधलेखन यांसाठी आपण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी रोजच्या हजेरीविना शिकतच आलो आहोत. आपल्याला खरी निकड असते ती तपासून परत आलेल्या स्वाध्यायाची, समासात लिहिलेल्या दोन ओळींच्या शेऱ्याची. साथीच्या काळात नियमित महाविद्यालयांनी आपल्याकडून नेमके हेच घ्यावयास हवे होते. त्यांनी घेतली ती हजेरी.

म्हणून पुन्हा साथ आली, तर मानीव उपस्थिती पहिल्याच दिवशी जाहीर व्हावी आणि साथ ओसरेपर्यंत तिला कोणी हात लावू नये. त्यातून वाचलेला शिक्षकांचा वेळ स्वाध्याय तपासण्यात जावा. ध्वनिविचारासारख्या घटकांपुरती प्रत्यक्ष सत्रे, संसर्ग आटोक्यात येताच, दहा-दहा जणांच्या गटांत, उघड्या खिडक्यांच्या खोलीत घ्यावीत. शीळफाट्याच्या विद्यार्थ्यासाठी ती मुंबईत नकोत. लोकलविना पोहोचता येईल अशा दिव्यात किंवा डोंबिवलीत हवीत.