‘ओनरशिप’ हवी? मग थोडी मालकी सोडा



“सर, पोरं चांगली आहेत, पण धंदा आपला समजून काम करत नाहीत.” दर बॅचमध्ये ही तक्रार असतेच. माझा उलटा प्रश्न असतो: त्या धंद्यात त्यांचं नक्की काय आहे? पगार सोडून एक तरी गोष्ट सांगा. बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

मालकाची काळजी पाहिजे, पण मालकाचा हक्क द्यायचा नाही. असं कसं चालेल? मीटिंगमध्ये “आपण सगळे एक फॅमिली” म्हणायचं आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स हातात ठेवायचा, एवढ्यावर कोणी दुकानाचा पंखा आठवणीने बंद करत नाही.

याचं उत्तर बघायला लांब जायची गरज नाही. पुण्यात सकाळी तुमच्या दारात कचरा घ्यायला ज्या ताई येतात, त्यांची ‘स्वच्छ’ ही संस्था बघा. १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांच्या वर सभासद आहेत. त्या तिथे नोकर नाहीत, संस्थाच त्यांची आहे.

आता व्यवस्था कशी आहे ते नीट बघा, खरी शिकवण तिथे आहे. महापालिका त्यांना पगार देत नाही. घराघरातून महिन्याचं शुल्क येतं आणि सुक्या कचऱ्यातून निघणारं भंगार विकून येणारे पैसे वेचकाचे. म्हणजे पुठ्ठा ओला झाला तर नुकसान कोणाचं? तिचंच! त्यामुळे “वेगळं करा हो” असं तिला वरून कोणी सांगायला लागत नाही, उलट तीच आपल्याला सांगते. कचऱ्याच्या वजनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला मात्र ओलं-सुकं एकत्र गेलं तरी चालतं, वजन वाढलं म्हणजे झालं. काम एकच आहे. पैसे कशाचे मिळतात ते बदललं की माणसाची नजर बदलते.

याची दुसरी बाजूही आहे. भंगाराचा भाव पडला की त्याचा फटकाही तिलाच बसतो. म्हणून तुमच्या माणसांवर तोट्याचा भार टाकू नका. ठरलेला पगार वेळेवर, आणि हिस्सा त्याच्या वर. पगारच दहा तारखेनंतर होत असेल तर हा लेख इथेच थांबवा, आधी ते दुरुस्त करा.

“सर, मग शेअर्स द्यायचे का, इन्फोसिससारखे?” इन्फोसिसही १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली हे खरं, पण ती कंपनी होती. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर द्यायला शेअर्सच नाहीत. एक छोटा आकडा मात्र शेअर करता येतो.

समजा कोथरूडमध्ये तुमचं पोळी-भाजी केंद्र आहे. महिन्याला सरासरी ९,००० रुपयांचा माल वाया जातो. तो आकडा किचनच्या भिंतीवर लावा. ५,००० वर आला तर वाचलेल्या ४,००० पैकी निम्मे किचनच्या टीमचे, त्याच महिन्यात, रोख. आणि काउंटरवरच्या मुलाला २०० रुपयांपर्यंत गिऱ्हाईकाचे पैसे परत करायचा अधिकार द्या, तुम्हाला फोन न करता. दोन-चार वेळा तो चुकेल, चुकू दे.

सगळ्यांनाच हे हवं असेल असं नाही. काहींना सहा वाजता घरी जायचं असतं, आणि काम नीट होत असेल तर त्यात काही वावगं नाही. त्यांना ‘डेडिकेशन नाही’ म्हणून हिणवू नका.

एक गोष्ट मात्र पक्की. वाटा मोठा दिसायला लागला की मालकाचा हात आखडतो. “एवढे कशाला द्यायचे?” म्हणून मधेच नियम बदललात, तर पुढच्या वेळी भिंतीवरच्या आकड्याकडे कोणी बघणार नाही. म्हणून टक्का आधी ठरवा, कागदावर लिहा, वर्षभर हात लावू नका. कुठला आकडा भिंतीवर लावायचा, ते या आठवड्यात टीमलाच विचारा.