सागरसफरीची बक्षिसे : छापील किंमत आणि खरी किंमत

सोलापूर समुद्रापासून दूर असले, तरी ‘क्रूझ’ हा शब्द येथील घरांना आता परका राहिलेला नाही. सिमेंट, रंग, पंप किंवा औषधांचे वितरक कंपनीच्या खर्चाने सिंगापूरला जाऊन जहाजावर चढतात. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मुले आई-वडिलांना सफर घडवतात. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहूनच सुटू लागल्याने रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघणाऱ्यासही समुद्र जवळचा झाला आहे. अशा एखाद्या सफरीनंतर मोठ्या कंपन्यांकडून सदस्यत्व क्रमांक येतो आणि त्यासोबत गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा श्रेणींचा तक्ता. सोन्या-हिऱ्यांची पारख असलेल्या समाजाला ही नावे ओळखीची वाटतात. मात्र येथे कस लावून घेण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘क्राऊन अँड अँकर सोसायटी’चे उदाहरण घ्यावे. जहाजावरील एका रात्रीस एक पॉईंट, सुईट घेतल्यास दोन. गोल्डसाठी ३, प्लॅटिनमसाठी ३०, एमराल्डसाठी ५५, डायमंडसाठी ८०, डायमंड प्लससाठी १७५ आणि शिखरावरील पिनॅकलसाठी ७०० पॉईंट लागतात. सिंगापूरहून चार रात्रींची सफर दर दोन वर्षांनी करणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच सफरीत गोल्ड मिळते. प्लॅटिनम आठव्या सफरीत, म्हणजे चौदा वर्षांनी. डायमंड विसाव्या सफरीत, म्हणजे अडतीस वर्षांनी! चाळिशीत पहिली सफर केलेला गृहस्थ तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेल. ही शिडी वर्षाला तीन-चार सफरी करणाऱ्या अमेरिकी निवृत्तांसाठी बांधलेली आहे. वरची श्रेणी गाठण्यासाठी एखादी सफर वाढवणे किंवा केवळ दुप्पट पॉईंटांसाठी सुईट घेणे हा सोलापूरच्या कुटुंबासाठी तोट्याचाच व्यवहार होय.

शिवाय त्या वरच्या श्रेणीत नेमके काय मिळते, हेही पाहिले पाहिजे. डायमंड सदस्याचा सर्वाधिक गाजलेला लाभ म्हणजे दररोज चार पेयांची कुपने. जहाजावर एका मद्यपेयाचा दर बारा-चौदा डॉलर असतो, त्यामुळे माहितीपत्रकाच्या हिशेबाने ही रोजची पन्नास डॉलरची बचत ठरते. मद्य वर्ज्य असलेल्या घरात तीच कुपने कॉफी वा सरबतावर खर्च होतात, आणि साधी कॉफी तर भोजनकक्षात सर्वांनाच विनामूल्य असते. वाइनची चव घेण्याचे कार्यक्रम, कॅसिनोतील सवलती, मांसाहारी पदार्थांसाठी प्रसिद्ध असलेल्या खास उपाहारगृहांतील सूट, हे सारे त्याच जातीचे लाभ. ज्या वस्तूसाठी स्वतःच्या खिशातून एक रुपयाही काढला नसता, तिची किंमत त्या कुटुंबापुरती शून्य धरावी. हा एकच नियम लावला, तर निम्म्याहून अधिक तक्ता गळून पडतो.

उरलेले लाभ छोटे आहेत, पण ते जरूर पदरात पाडून घ्यावेत. त्यांत पहिला मान ऑनबोर्ड क्रेडिटचा, म्हणजे कंपनीने जहाजावरील खात्यात आपल्या नावे केलेल्या जमेचा. जहाजावर असतानाच पुढील सफरीची नोंदणी केल्यास ती अनेकदा मिळते. मात्र अनामत रक्कम परत मिळण्याजोगी आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. अशी जमा बहुधा शेवटच्या रात्री संपुष्टात येते. रोखीने परत मिळत नाही. मग अखेरच्या संध्याकाळी अत्तरे आणि टोप्या विकत घेण्यासाठी दुकानात गर्दी होते. त्यापेक्षा ती ग्रॅच्युइटीकडे वळवता येते का, हे पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात विचारावे. (ही ग्रॅच्युइटी निवृत्तीच्या वेळी मिळणारी नव्हे, ही द्यावी लागते.) मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी, दर दिवशी सुमारे अठरा ते वीस डॉलर सेवाशुल्क लावतात. चार जणांच्या चार रात्रींचे तीनशे डॉलरच्या आसपास होतात. जो खर्च टळणारच नव्हता, तो जमेतून भागला, तर त्या जमेचे पुरे मोल वसूल होते.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींना, तसेच अठरा वर्षांखालील मुलांना, जोडीदाराची किंवा पालकांची वरची श्रेणी मिळू शकते. पण त्यासाठी खाती जोडून घ्यावी लागतात. पारपत्रावरील नाव आणि सदस्यत्वावरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाचा फरक असला, तर रात्री जमाच होत नाहीत. पासबुकातील नोंद तपासावी, तशी परतल्यावर ही नोंद तपासावी आणि अंतिम बिल जपून ठेवावे.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांच्या कामाची आहे. युरोपातील एमएससी कंपनी इतर जहाज कंपन्यांतील व काही हॉटेल साखळ्यांतील श्रेणी पाहून आपल्याकडे समकक्ष श्रेणी देत आली आहे. मुंबई-पुण्याच्या फेऱ्यांत एखाद्या आंतरराष्ट्रीय हॉटेल साखळीची वरची श्रेणी मिळाली असेल, तर अर्ज करण्यास काही खर्च नाही. अर्थात अटी बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच चौकशी करावी.

याउलट, रात्रिभोजन न करणाऱ्या कुटुंबाला सर्वाधिक उपयोगी पडणारी सोय कोणत्याही श्रेणीशिवाय मिळते. जैन भोजनाची नोंद तिकिटाबरोबरच करून संध्याकाळची पहिली पंगत मागावी. सिंगापुरात वर्षभर सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. त्यामुळे साडेपाचच्या पंगतीस बसणाऱ्याचा नियम सहज पाळला जातो. ही मागणी उशिरा केल्यास पहिली पंगत भरलेली असते आणि तेथे कोणतेही कार्ड चालत नाही.

निष्ठेला बक्षीस देण्याची ही पद्धत नवी मात्र नाही, आणि तिच्या इतिहासात सोलापूरचेही नाव आहे. १८७७ च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापारात ब्रिटिश जहाज कंपन्यांनी ‘डिफर्ड रिबेट’ सुरू केला. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग परत द्यायचा, पण लगेच नव्हे, काही महिन्यांनी. आणि तोही त्या मुदतीत त्याने दुसऱ्या कुणाच्या जहाजातून एकही गासडी पाठवली नसेल तरच. सवलत देणाऱ्याच्या हाती, न देता राखून ठेवलेला पैसा हेच खरे शस्त्र होते. सोलापुरात १८८२ साली जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली, तेव्हा भाडेयुद्धाबरोबरच या राखीव सवलतीशीही तिला झुंजावे लागले. भारतीय कंपनीचे भाडे परवडणारे असले, तरी अडकलेली रक्कम बुडेल या भीतीने व्यापारी तिकडे वळण्यास कचरत. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या सिंदियाच्या पहिल्या जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले हे जहाज मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

आजच्या पॉईंटांचे तत्त्व तेच आहे. अडकलेली रक्कम बारीक दिसते, पण ती दुसऱ्या कंपनीचा दर पाहण्यापासून माणसाला परावृत्त करते. दिवाळीच्या सुट्टीऐवजी जानेवारीत निघाल्यास भाड्यात जो फरक पडतो, त्यापुढे बहुतेक सदस्य-सवलती किरकोळ ठरतात. तसेच जैन भोजनासह गट नेणाऱ्या सहल-चालकाच्या दरावर सदस्य-सवलत बहुधा मिळत नाही. म्हणून दोन्ही दर कागदावर शेजारी मांडावेत, आणि गटातून जातानाही सदस्यत्व क्रमांक द्यावा.

पॉईंट म्हणजे ठेव नव्हे, हेही ध्यानात असावे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पॉईंटांना कोणतेही नाही. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून थाटात सुरू झालेली जलेश क्रूझेस ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली आणि तिचे ‘कर्णिका’ जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. आलिशान समजल्या जाणाऱ्या क्रिस्टल क्रूझेसचे कामकाज २०२२ च्या आरंभी थांबले, तेव्हा आगाऊ रकमा भरलेल्या प्रवाशांना धनकोंच्या रांगेत दावे दाखल करावे लागले. नंतर नव्या मालकांनी ती जहाजे पुन्हा समुद्रात उतरवली, ही गोष्ट वेगळी. कंपनी चालू असतानाही नियम बदलतात. रात्री मोजणाऱ्या कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केले, की जून २०२६ पासून खर्चावर आधारित योजना येईल. जमलेली बक्षिसे म्हणून पहिल्या योग्य संधीस वापरून टाकावीत.

राहिला वितरकांचा प्रश्न. कंपनीने लक्ष्यपूर्तीबद्दल घडवलेली सफर फुकट नसते. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर नुसार वर्षाला २०,००० रुपयांवरील अशा लाभावर १० टक्के करकपात आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी लाभाचे मूल्य धंद्याच्या उत्पन्नातच धरले जाते. दीड लाखाची जोडप्याची सफर मिळालेल्या, ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यापाऱ्यावर उपकरासह ४६,८०० रुपयांचा कर येतो, आणि तो रोखीने भरावा लागतो. त्याऐवजी कंपनी एक लाखाची क्रेडिट नोट देण्यास तयार असेल, तर कर वजा जाता ६८,८०० रुपये हाती उरतात. पत्नीला ती सफर खरोखरच हवी आहे का, हे कंपनीला होकार कळवण्यापूर्वी घरी विचारलेले बरे.